बोलण्याचा उतारा आणि चित्राची कात्री

अनेक कॅमेऱ्यांवरील चित्रीकरणाचे संकलन एका प्रणालीतून दुसरीत नेताना

गावातील जाणत्या माणसांचे अनुभव, शाळांतील पाठ, ग्रामसभांचे कामकाज, लोकनाट्ये आणि उत्सव यांचे चित्रीकरण करणे ही आता दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही. ज्या कामासाठी पूर्वी शहरातून पथक बोलवावे लागे, ते काम आज गावातील दोन-तीन तरुण मोबाइल फोनवर पार पाडतात. एक कॅमेरा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, दुसरा त्याच्या हातांवर आणि तिसरा सर्व परिसर दिसेल असा ठेवावा, एवढी जाणही त्यांना आलेली आहे. अडचण सुरू होते ती चित्रीकरण संपल्यानंतर. तासा-दीड तासाच्या तीन ध्वनिचित्रफिती समोर असतात आणि त्यांतून वीस मिनिटांचा सुबक व विश्वासार्ह कार्यक्रम तयार करावयाचा असतो.

या कामासाठी सध्या दोन प्रकारची साधने वापरली जातात. पहिल्या प्रकारात बोलण्याचा लेखी उतारा संगणकाच्या पडद्यावर येतो. उताऱ्यातील वाक्य खोडले की त्या वाक्याचे चित्र व आवाज दोन्ही गळतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे व्यावसायिक संकलनाच्या प्रणालीत, चित्राचे व आवाजाचे पट्टे एकाखाली एक मांडलेले असतात आणि संकलक फ्रेम-फ्रेम पाहून कात्री चालवितो. पहिले साधन वेगवान, दुसरे अचूक. म्हणून पुष्कळजण निवड पहिल्यात करतात आणि घडण दुसऱ्यात. एकातून दुसऱ्यात जाताना काय होते, काय हरवते आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती शिक्षक, पंचायतींचे सेवक आणि हौशी चित्रीकरण करणारे गावकरी यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक उदाहरण

समजा, तिसवाडी तालुक्यातील एका गावी खाजन शेतीविषयी एका वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत घ्यावयाची आहे. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीखाली असलेली आणि बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस असते. तिचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आपोआप उघडते. मुलाखतीत आजोबा सांगतात, "भरती आली की दार असे मिटते, आणि ओहोटी लागली की असे उघडते." दोन्ही वेळा ते तळहात हलवून दाखवितात. पुढे एका जुन्या वादाचा विषय निघतो, तेव्हा ते म्हणतात, "आम्ही बांध फोडला, असे लोक म्हणतात, पण ते खरे नाही."

पहिले वाक्य कागदावर अपुरे दिसते. ‘असे’ या शब्दाचा अर्थ उताऱ्यात नाही, तो दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या हातात आहे. दुसऱ्या वाक्याची शेपटी नेआणीत गळाली, तर आजोबांवर त्यांच्याच तोंडून आरोप येतो. मराठीत काय आणि कोकणीत काय, नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. आणि कात्रीची चूक होते ती बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटीच. तेव्हा या विषयातील तांत्रिक काळजी ही केवळ यंत्राची सोय नसून, ज्याने विश्वासाने आपल्यासमोर तोंड उघडले त्याच्या शब्दाची राखण होय.

नेली जाते ती यादी

एका प्रणालीतून दुसरीत संकलन नेले जाते, तेव्हा सामान्यतः चित्र नेले जात नाही. नेली जाते ती निर्णयांची यादी : अमुक फितीतील अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचा भाग घ्यावा, तो कार्यक्रमात अमुक ठिकाणी ठेवावा. मूळ फिती जागच्या जागी राहतात. यादी म्हणजे पत्ते लिहिलेला कागद. त्या पत्त्यावर जाऊन माल आणण्याचे काम दुसरी प्रणाली करते.

ही कल्पना जुनीच आहे. फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामाच्या प्रतीवर तो कापाकापी करी. फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर क्रमांक छापलेले असत. संकलन मंजूर झाले की ते क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. १९७१ साली अमेरिकेत सीबीएस आणि मेमोरेक्स या कंपन्यांच्या भागीदारीतून ‘सीएमएक्स ६००’ हे संगणकीय संकलनयंत्र तयार झाले. त्यावर हलक्या दर्जाच्या चित्रावर निर्णय घेतले जात आणि त्या निर्णयांच्या यादीनुसार मूळ फितींवरून अंतिम कार्यक्रम जुळविला जाई. कडेच्या क्रमांकांची जागा येथे ‘टाइमकोड’ने घेतली. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा चार भागांचा पत्ता.

आपल्या उदाहरणात नकाराचे ते वाक्य १०:१२:०८:०५ या पत्त्यावर सुरू होते आणि १०:१२:१५:१० ला संपते, असे समजू. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने त्याची लांबी ७ सेकंद ५ फ्रेम होते. फितीचे नाव आणि हे दोन पत्ते बरोबर असतील, तर जगातील कोणतीही व्यावसायिक प्रणाली तेच वाक्य शोधून आणील. यांतील एक जरी बदलले, तरी ती दुसरेच काही आणील किंवा रिकामी चौकट दाखवील. पुढील सर्व सूचनांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

उताऱ्यावरून संकलन

मुलाखतींवर आधारलेले माहितीपट करणारे लोक फार वर्षांपासून कागदावर संकलन करीत आले आहेत. बोलणे टंकलिखित करावे, समासात वेळ लिहावी, हव्या त्या ओळींखाली रेघ मारावी आणि मग संकलनाच्या टेबलाकडे जावे, अशी ती रीत होती. संगणकाने या रीतीतील कागद आणि टेबल यांना एकत्र जोडले. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्लोरेन बर्थूझोझ व मनीष अग्रवाल आणि अडोबी कंपनीतील विल्मट ली यांनी मुलाखतीच्या उताऱ्यातील शब्द निवडून चित्र कापण्याची, तसेच कोठे कापल्यास खटकणार नाही हे सुचविण्याची पद्धत शोधनिबंधातून मांडली. २०१७ साली स्थापन झालेल्या ‘डिस्क्रिप्ट’ने ही पद्धत सर्वसामान्यांच्या हाती दिली. पुढे २०२३ मध्ये ‘प्रीमियर’ आणि ‘दाविंची रिझॉल्व्ह’ या व्यावसायिक प्रणालींनीही उताऱ्यावरून संकलन करण्याची सोय आपल्यात आणली.

या पद्धतीत यंत्र प्रत्येक शब्दाची सुरुवात व शेवट यांची वेळ नोंदवून ठेवते. उताऱ्यात तुम्ही शब्द खोडता, म्हणजे प्रत्यक्षात ती वेळ यादीतून वगळता. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. यंत्राने ‘मानस’ऐवजी ‘माणूस’ लिहिले असेल, तर ते अक्षर सुधारणे ही ‘दुरुस्ती’ होय. तिच्यामुळे चित्रात काही बदलता कामा नये. वाक्य नको म्हणून काढणे ही ‘काटछाट’ होय. बहुतेक प्रणालींत या दोन क्रियांसाठी वेगवेगळ्या आज्ञा असतात. दुरुस्ती करावयाची असताना शब्द नुसताच खोडला, तर उतारा शुद्ध होतो आणि मुलाखतीतून मात्र शब्द नाहीसा होतो.

तीन कॅमेरे, एक आवाज

एकाच प्रसंगाचे अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण करण्याची रीत दूरचित्रवाणीत फार पूर्वी रुळली. १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन मालिका प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित होत असे. या रीतीचे सूत्र असे की आवाज एकच, सलग आणि मुख्य. चित्रे अनेक आणि बदलती. तीनही फिती एका क्षणावर जुळवून त्यांचा एक संच बांधतात. या संचाला ‘मल्टिकॅम’ म्हणतात. मग संकलक आवाज न तोडता केवळ कोन बदलतो : येथे चेहरा, येथे हात, येथे बांध.

जुळवणी करण्याचे तीन मार्ग आहेत. सर्व कॅमेऱ्यांना एकच टाइमकोड पुरविणे हा उत्तम, पण खर्चिक मार्ग. आवाजाच्या लहरी ताडून यंत्राकडून जुळवून घेणे हा सोपा मार्ग. सुरुवातीस व शेवटी सर्व कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजविणे हा फुकटचा मार्ग. आवाजावरून जुळविताना एक बारीक गोष्ट विसरू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणून सुमारे १४ मीटर दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याला आवाज एक फ्रेम उशिरा पोहोचतो. अंगणात हे जाणवणार नाही, परंतु बांधाच्या पलीकडे ठेवलेल्या कॅमेऱ्याचे ओठ आणि शब्द यांत फरक पडेल. अशा वेळी टाळीचे चित्र पाहून हाताने जुळवावे.

उताऱ्यावरून काम करणाऱ्या प्रणालीही आता अनेक कॅमेरे एकत्र घेतात, आणि कोण बोलत आहे ते ओळखून कोन आपोआप बदलून देतात. दोघांच्या सरळ संवादात याचा चांगला उपयोग होतो. पण यंत्राला बोलणारा कळतो, दाखविणारा कळत नाही. आजोबा "असे मिटते" म्हणतील तेव्हा ते चेहराच दाखवील, हात नव्हे. सबब कोनांची अंतिम निवड माणसानेच करावी.

यादी नेणाऱ्या फाइली

निर्णयांची यादी नेण्यासाठी चार प्रकारच्या फाइली मुख्यतः प्रचारात आहेत.

पहिली ‘ईडीएल’. सर्वांत जुनी, साधी आणि डोळ्यांनी वाचता येण्याजोगी. तिच्या रूढ ‘सीएमएक्स ३६००’ प्रकारात ९९९ पर्यंतच नोंदी बसतात, फितीच्या नावासाठी आठच अक्षरे मिळतात आणि तिची रचना चित्राच्या एकाच मुख्य पट्ट्याला सोयीची आहे. तीन कॅमेऱ्यांचा जिवंत संच तिच्यात मावत नाही. प्रत्येक क्षणी निवडलेला एकच कोन मावतो.

दुसरी ‘फायनल कट प्रो’च्या सातव्या आवृत्तीपर्यंतची एक्सएमएल. मूळ प्रणालीची ती पिढी २०११ साली मागे पडली, तरी तिची ही भाषा इतर प्रणालींमध्ये टिकून राहिली. तिच्यात अनेक पट्टे व एकात एक बसविलेले संच लिहिता येतात.

तिसरी ‘एफसीपीएक्सएमएल’. ही नव्या ‘फायनल कट प्रो’ची भाषा असून तिच्यात मल्टिकॅम संच व त्याचे कोन यांच्यासाठी स्वतंत्र जागा आहे. नाव सारखे असले, तरी दुसरी आणि तिसरी या भिन्न भाषा आहेत. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ला दोन्ही वाचता येतात, प्रत्येक प्रणालीला येतातच असे नाही, आणि मग मधे रूपांतर करणारे साधन घ्यावे लागते.

चौथी ‘एएएफ’. ‘एव्हिड’ प्रणालीत आणि विशेषतः आवाज दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे काम पाठविताना हिचा उपयोग होतो.

पाठविण्यापूर्वी समोरच्याला कोणती फाइल वाचता येते हे विचारून घ्यावे. निम्म्या तक्रारी एवढ्या एका प्रश्नाने टळतात.

काय पोहोचते आणि काय मागे राहते

कापण्याची ठिकाणे, तुकड्यांचा क्रम, पट्ट्यांची मांडणी आणि बहुधा आवाजाची साधी पातळी, एवढे सामान्यतः सुखरूप पोहोचते. मागे राहते ते पुढीलप्रमाणे : उताऱ्याच्या प्रणालीत यंत्राने केलेली आवाजाची स्वच्छता, पडद्यावरील उपशीर्षके व नावे, चित्रांची सजावट, रंगांची दुरुस्ती आणि बहुतेक विशेष परिणाम. कारण ही कामे त्या-त्या प्रणालीची खाजगी असतात. यादीच्या भाषेत त्यांना शब्द नसतो. स्वच्छ केलेला आवाज हवाच असेल, तर तो सलग, पूर्ण लांबीचा, मूळ आवाजाच्याच आरंभबिंदूपासून वेगळी फाइल म्हणून काढून घ्यावा. उपशीर्षके ‘एसआरटी’ या साध्या मजकुराच्या फाइलीत स्वतंत्रपणे न्यावीत.

मल्टिकॅम संचाचा प्रश्न याहून नाजूक आहे. संच जिवंत ठेवून पाठविला, तर पलीकडे कोन बदलण्याची मुभा राहते. परंतु पुष्कळदा दुसऱ्या प्रणालीला तो संच उलगडता येत नाही आणि सर्व तुकड्यांत पहिलाच कॅमेरा दिसू लागतो. उलट संच ‘सपाट’ करून पाठविला, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या जागी निवडलेल्या कोनाची मूळ फीत बसवून पाठविली, तर पोहोचण्याची खात्री वाढते. पण कोन बदलावयाचा झाल्यास तो हाताने शोधावा लागतो. बहुतेक व्यावसायिक प्रणालींत संच सपाट करण्याची आज्ञा असते. ती देण्यापूर्वी टाइमलाइनची दुसरी प्रत काढावी. जिवंत प्रत घरी ठेवावी, सपाट प्रत पाठवावी.

कामाचा क्रम

लहान पथकाला सोयीचा ठरेल असा क्रम पुढे दिला आहे.

१. चित्रीकरणापूर्वी सर्व कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर लावावेत. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने दिव्यांची फडफडही त्यामुळे टळते. आवाज सर्वत्र सेकंदाला ४८,००० नमुने या एकाच मापाने घ्यावा. ४४,१०० नमुन्यांचा आवाज चुकून ४८,०००च्या मापाने वाजला, तर तासाभराची मुलाखत ५५ मिनिटे ७ सेकंदांत संपते आणि आजोबांचा आवाज चिरका होतो.

२. मोबाइल फोन पुष्कळदा फ्रेमचा वेग मधूनमधून बदलतात. अशी फीत सुरुवातीस जुळते आणि शेवटाकडे सरकत जाते. ती प्रथम स्थिर वेगाच्या फितीत रूपांतरित करावी व पुढे सर्वत्र तीच मूळ मानावी. २९.९७ आणि ३० हे वेग दिसायला सारखे, पण त्यांच्यात तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

३. सर्व फितींची नावे याच टप्प्यावर बदलावीत, नंतर कधीही नव्हे. दोन कॅमेऱ्यांनी आपापल्या पहिल्या फितीला एकच नाव दिलेले असण्याचा संभव फार मोठा आहे. नाव आठ अक्षरांच्या आत, रोमन अक्षरे व अंक यांतच ठेवावे. देवनागरी नावे एक्सएमएलमध्ये चालू शकतात. जुन्या ईडीएलमध्ये त्यांचा भरवसा नाही. काही कॅमेरे लांब चित्रीकरणाचे ४ गिगाबाइटांचे तुकडे पाडतात. ते तुकडे क्रमाने जोडून घ्यावेत किंवा त्यांना सलग क्रमांक द्यावेत.

४. मूळ फितींच्या दोन प्रती दोन वेगळ्या तबकड्यांवर घ्याव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

५. व्यावसायिक प्रणालीत तीनही कॅमेरे व मुख्य आवाज जुळवून संच बांधावा. आरंभीची आणि अखेरची टाळी दोन्ही तपासाव्यात. आरंभी जुळते आणि अखेरीस जुळत नाही, तर दोष वेगाचा आहे. तो आताच काढावा.

६. या संचावरून एक सलग हलकी प्रत काढावी. तिला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. तिची लांबी, फ्रेमचा वेग आणि आरंभीचा टाइमकोड संचासारखाच असावा. आपल्या उदाहरणात संच १०:००:००:०० ला सुरू होतो; प्रत ००:००:००:०० ला सुरू झाली, तर प्रत्येक पत्ता दहा तासांनी चुकेल. शक्य असल्यास तीनही कोन एकाच चौकटीत शेजारी-शेजारी दिसतील अशी प्रत काढावी. उतारा वाचताना हातही दिसत राहतील.

७. ही प्रत उताऱ्याच्या प्रणालीत घालावी. प्रथम संपूर्ण उतारा ऐकत-ऐकत दुरुस्त करावा, मगच काटछाट करावी. येथे केवळ बोलण्याची निवड व क्रम ठरवावा. कोन ठरवू नयेत.

८. तयार झालेली यादी काढून व्यावसायिक प्रणालीत आणावी आणि प्रत्येक तुकड्यातील हलक्या प्रतीच्या जागी मूळ संच बसवावा. लांबी व पत्ते सारखे असल्याने तो नेमका बसतो. यानंतर कोन निवडावेत.

९. पूर्ण काम या मार्गाने नेण्यापूर्वी पाच मिनिटांचा तुकडा दोन्हीकडून फिरवून पाहावा.

काहीजण तीनही कॅमेरे थेट उताऱ्याच्या प्रणालीत घालून तेथेच कोनांसह काम करतात आणि शेवटी एक्सएमएल काढतात. घाईच्या, सरळ संवादाच्या कामाला ते पुरेसे आहे. मात्र तीनही फितींचे पट्टे स्वतंत्रपणे पोहोचले की नाहीत, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

परतीची वाट

यादी व्यावसायिक प्रणालीत पोहोचल्यानंतर तेथे बदल होतातच. एखादे वाक्य हलते, पुढच्या चित्रावर आधीचा आवाज थोडा ओढला जातो, मधे खाजनाचे दृश्य येते. हे बदल उताऱ्याच्या प्रणालीकडे परत पाठवावेत, अशी इच्छा मग होते. येथे सावध राहावे. उताऱ्याच्या प्रणाली फिती मुकाट्याने स्वीकारतात, परंतु दुसरीकडे केलेली यादी स्वीकारून आपला उतारा तिच्याप्रमाणे बदलून घेण्याची सोय सर्वांत नसते. बहुतेक वेळा नवी सलग प्रत काढून तिचा नवा उतारा करणे हाच मार्ग उरतो.

म्हणून हा रस्ता एकेरी मानावा. कोणता टप्पा कोठे संपतो, हे आधी ठरवावे. शब्दांची निवड ज्यांनी करावयाची, म्हणजे गावातील जाणकार, शिक्षक व स्वतः वक्ता, त्यांनी ती उताऱ्यावरच पूर्ण करून संमती द्यावी. ज्यांना संकलनाची प्रणाली चालविता येत नाही, त्यांनाही उतारा वाचता येतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. निर्णय शहरातील टेबलावर न होता गावाच्या ओसरीवर होऊ शकतो.

यादी काढताना प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना मूळ फितीतील किमान एक-दोन सेकंदांचा राखीव भाग पलीकडे उपलब्ध राहील, असे पाहावे. काही प्रणाली वापरलेल्या भागापुरत्याच छाटलेल्या फिती देऊ करतात. जागा वाचते खरी, पण शब्दाच्या कडेला कापलेल्या फितीत पुढे श्वासभरही सरकता येत नाही.

भाषेची सावधगिरी

यंत्राचा उतारा सर्व भाषांत सारखा उतरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिस्पर’ या वाक्-लेखन प्रणालीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. आपल्याकडील मुलाखतीत मात्र माणूस एका दमात कोकणी, मराठी आणि शेतीव्यवहारात रुळलेले पोर्तुगीज शब्द बोलतो. अशा वेळी यंत्र अडखळते, शब्द गाळते किंवा जवळचा वाटणारा दुसराच शब्द लिहिते. शब्द चुकला की त्याची वेळही चुकते, आणि वेळ चुकली की कात्री चुकते. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा करून देणारी ‘सभासार’ ही प्रणाली केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू केली. यावरून यंत्राने केलेल्या उताऱ्याचा प्रश्न हौशी चित्रीकरणापुरता मर्यादित राहिलेला नाही, हे दिसून येईल.

काही प्रणालींत अडखळणे, पुनरुक्ती आणि मौन एका आज्ञेसरशी काढून टाकण्याची सोय असते. साक्षीच्या स्वरूपाच्या मुलाखतीत ती सरसकट वापरू नये. "नाही, नाही, तसे नाही" यांतील दोन नकार यंत्राला पुनरुक्ती वाटतात. ऐकणाऱ्याला तो ठामपणा असतो. प्रश्नानंतरचे दीर्घ मौन हेही पुष्कळदा उत्तरच असते. वक्त्याच्या आवाजात त्याने न उच्चारलेला शब्द घालून देणारी सोयही आता उपलब्ध आहे. ती अशा कामात मुळीच वापरू नये. उच्चार अस्पष्ट असेल तेथे उपशीर्षक द्यावे.

शेवटची तपासणी

काम संपल्यावर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मंजूर उतारा हातात धरून तयार कार्यक्रम आरंभापासून अखेरपर्यंत एकदा ऐकावा. विशेषतः प्रत्येक वाक्याचा शेवट. दुसरी, ज्या ज्या ठिकाणी ‘असे’, ‘इकडे’, ‘एवढे’ हे शब्द आले असतील, त्या त्या ठिकाणी पडद्यावर हात किंवा वस्तू दिसते की नाही, ते पाहावे. तिसरी, आवाज बंद करून एकदा केवळ चित्र पाहावे. एखाद्या तुकड्यात चुकून भलताच कॅमेरा बसला असेल, तर तो लगेच लक्षात येतो.

जपणूक करताना मूळ फिती, दुरुस्त केलेला पूर्ण उतारा साध्या मजकुराच्या फाइलीत, निर्णयांची यादी आणि तयार कार्यक्रम, ही चारही एकत्र ठेवावीत. संकलनाच्या प्रणाली बदलत राहतील. आज ज्या फाइली सहज उघडतात, त्या दहा वर्षांनी उघडतीलच असे कोणी सांगू शकत नाही. परंतु साध्या मजकुरातील उतारा आणि त्याच्या समासातील वेळ कोणालाही वाचता येईल, आणि त्यावरून पुन्हा नव्याने सर्व जुळविता येईल.

बांधाची राखण करणाऱ्याला ठाऊक असते की पाणी शिरते ते लहानशा भोकातून. संकलनातही तसेच आहे. एका फितीचे बदललेले नाव, एका सेकंदातील चार फ्रेमांची चूक, एवढ्यानेही माणसाच्या बोलण्यातला ‘नाही’ वाहून जाऊ शकतो. आजोबांनी आपले बोलणे पूर्ण केलेले आहे. ते तसेच पूर्ण लोकांपर्यंत पोहोचविणे, हे संकलन करणाऱ्याचे काम आहे.